सोळाशे मीटरचा तिसरा राऊंड

सोळाशे मीटर म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर चार राऊंड. पहिला राऊंड अंगातल्या गर्मीवर निघून जातो, दुसरा सवयीवर, चौथा इज्जतीवर. तिसऱ्याला मात्र छातीत असेल तेवढंच बाहेर येतं, असं आमचे सर सांगायचे. माझं नेमकं तिथंच अडायचं.

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला पन्नास मार्क असतात. मुलांना सोळाशे मीटरला वीस, शंभर मीटरला पंधरा आणि गोळाफेकीला पंधरा. पाच मिनिटं दहा सेकंदांत आलात तर वीसपैकी वीस, त्याच्या वर वीस-वीस सेकंदांनी मार्क उतरत जातात. एका मार्कानं नाव यादीच्या खाली गेलेली पोरं आमच्या अकादमीत तिसऱ्यांदा तयारी करतायत. त्यामुळे कराडच्या बाजूच्या आमच्या त्या मैदानावर पहाटे पाचला बॅटरीच्या उजेडात घड्याळ बघणारा प्रत्येक जण सेकंदांवर जीव टाकून असतो.

माझं टायमिंग सहा बारा. बारावीनंतर जूनला आलो तेव्हा सहा चाळीस होतं, सप्टेंबरपर्यंत उतरत सहा बारावर आलं आणि तिथंच बसलं. डिसेंबर उजाडला तरी हललं नाही. माझ्याबरोबर आलेली पोरं साडेपाचला टेकली होती. अंगानं मी काटक, उसात लहानपणापासून राबलेला, कबड्डी खेळलेला. पाय दुखत नव्हते, पोटऱ्या भरून येत नव्हत्या. पण दुसरा राऊंड संपता संपता घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू व्हायचा आणि तिसऱ्यात छातीभोवती कुणी कासरा आवळत आणल्यासारखं वाटायचं. पळून झालं की कडेच्या बाभळीखाली वाकून खोकायचो. चिकट बेडका पडायचा. त्यावर पायानं माती सारायचो.

सर माजी सैनिक. त्या दिवशी ते बाभळीपर्यंत मागं आले. "किती ओढतोस रं दिवसाला?" असं सरळ विचारलं. मी नाही म्हणालो. तर म्हणाले, "तोंडाचा वास वेलदोड्यानं जातो, छातीचा आवाज न्हाई जात."

"सात-आठ," मी म्हणालो. तो आकडा त्याआधी मी कुणालाच सांगितला नव्हता. मोजलाही त्याच क्षणी.

सुरुवात कुठून झाली हे मी नंतर खूप आठवून पाहिलं. पंधराव्या वर्षी, दहावीत, असं मी सगळ्यांना सांगायचो, पण ते खरं नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आज्याची बिडी चुलीवर पेटवून आणायचं काम माझ्याकडे होतं. सोप्यात पोचेपर्यंत ती विझू नये म्हणून वाटेत एक झुरका मारायचा, हे आज्यानंच शिकवलेलं. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. आत्या परसात तव्यावर मशेरी भाजायची, तिच्या वासानं डोळे चुरचुरायचे. आप्पांच्या खिशात तंबाखू आणि चुन्याची डबी कायम. तंबाखू आमच्या घरात मिठा-मिरचीसारखी नांदत होती. पुढं कधीतरी 2019 च्या देशपातळीवरच्या शालेय सर्वेक्षणात वाचलं, की 13 ते 15 वयाची जी मुलं सिगारेट ओढतात त्यांतल्या 38 टक्क्यांनी पहिली दहाव्या वर्षाच्या आत ओढलेली असते. बिडीचं प्रमाण त्याहून जास्त. तेव्हा मला तो चुलीपासून सोप्यापर्यंतचा बोळ आठवला.

दहावीत क्लास सुटल्यावर टपरी. शाळेच्या फाटकावर मोठा फलक होता, शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे आणि अठराच्या खालच्या मुलाला तर कुठंच विकायची नाही. 2003 चा कायदा आहे हा. सुटी सिगारेट विकणं महाराष्ट्रात 2020 च्या सप्टेंबरपासून बंद आहे. पण आम्ही तिघं मिळून एक सुटीच घ्यायचो, कारण पाकिटाएवढे पैसे आमच्या खिशात कधीच नसायचे. पंधरा वर्षांच्या मुलाला सिगारेट परवडते ती सुटी मिळते म्हणूनच, हे मी छातीठोक सांगू शकतो. आणि पाकिटावर 85 टक्के जागेत छापलेलं ते सडलेल्या तोंडाचं चित्र आम्हाला दिसायचंच नाही. पाकीट टपरीवाल्याच्या हातात, आमच्या हातात फक्त कांडी.

आमची आवडती होती पुदिन्याची. तिच्या फिल्टरमध्ये साबुदाण्याएवढी गोळी असते. दोन बोटांत फिल्टर दाबला की बारीक टक असा आवाज होतो, आणि मग धूर थंडगार लागतो. साध्या सिगारेटीचा पहिला झुरका मी घेतला तेव्हा डोळ्यांत पाणी येऊन ठसका लागला होता, दुसऱ्यांदा नको वाटलं होतं. या गोळीनं तो ठसका मारून टाकला. शरीर जे ओरडून सांगत होतं ते ऐकूच येऊ नये अशी ती सोय. नवशिक्या पोरासाठी याहून घातक काही नाही असं माझं मत झालंय.

पहिले दोन महिने आठवड्याला दोन किंवा तीन. त्याला व्यसन कोण म्हणेल? पण पूर्वपरीक्षेच्या वेळी गणिताच्या पेपरात शेवटच्या तासाला पाय हलायला लागला, डोकं जड झालं, समोरचं उदाहरण येत असूनही सुटेना. मला वाटलं परीक्षेचं टेन्शन. बाहेर येऊन ओढली आणि टेन्शन गेलं. त्या दिवशी मी मनात पक्कं केलं की सिगारेटनं टेन्शन जातं. पुढची तीन वर्षं मी त्याच समजुतीवर काढली.

सरांनी मला ओरडा दिला नाही. साताऱ्यात छातीचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जाऊन ये म्हणाले, आणि तोवर घड्याळ लावणार नाही असं सांगितलं. तो घाव बरोबर लागला.

डॉक्टरांनी आधी एका हातात मावणाऱ्या यंत्रात फुंकायला लावलं. खोल श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद धरायचा, मग सावकाश सोडायचा. पडद्यावर 14 आकडा आला. ते म्हणाले, हा तुझ्या श्वासातला कार्बन मोनॉक्साईड. न ओढणाऱ्याचा सहाच्या आत असतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. "ट्रॅकवर उतरतोस तेव्हा रक्तातल्या काही गाड्या आधीच भरलेल्या असतात. ऑक्सिजन बसणार कुठं?" सकाळी सरावाला निघताना वेशीपाशी मी एक ओढायचो. म्हणजे ज्या तासात मला सगळ्यात जास्त हवा लागायची, त्याच्याच तोंडावर मी रक्त अडवून ठेवत होतो.

मग स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. छाती भरून घ्यायची आणि एका दमात सगळी हवा बाहेर. शेजारी उभ्या ताई "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका" असं ओरडत होत्या. तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा डोळ्यांपुढं काजवे चमकले. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते तो आकडा महत्त्वाचा, आणि वय, उंची यांवरून तो किती यायला हवा हे ठरलेलं असतं. माझा 82 टक्के आला.

"ऐंशीच्या वर आहे, म्हणजे कागदावर नॉर्मल," डॉक्टर म्हणाले. मी खूश झालो. त्यांनी कागद खाली ठेवला. "तू साठीचा असतास तर मीही खूश झालो असतो. तू अठराचा आहेस आणि रोज पळतोस. तुझा आधीचा रिपोर्ट नाही, त्यामुळे किती कशामुळे गेलं हे मी सांगू शकत नाही. पण तुझी छाती अजून बांधून व्हायचीय, हे तुला कुणी सांगितलंय का?"

नव्हतं सांगितलं. मला कुणीही, कधीही सांगितलं नव्हतं. आम्हाला शाळेत सांगितलं होतं ते कॅन्सरचं. म्हणजे पन्नाशी-साठीचं. पंधरा वर्षांच्या पोराला पन्नाशी म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य वाटतं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: मुलांची फुप्फुसं विशीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांपर्यंत वाढत असतात, मुलींची थोडी आधी थांबतात. माणसाच्या दमाचं जे काही भांडवल, ते त्या वयात सगळ्यात जास्त असतं. पुढं न ओढणाऱ्याचंही ते दरवर्षी थोडं थोडं उतरतच जातं. वाढीच्या वर्षांत ओढली की वाढच हळू होते. म्हणजे भांडं भरायच्या आधीच गळायला लागतं. आणि नुसतं फुप्फुसाचं नाही, रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतींवर चरबीच्या रेषा धरायला या वयातच सुरुवात होते. माझे बसल्या जागचे ठोके त्यांनी मोजले, मिनिटाला 86. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याचे इतके नसतात.

गणिताच्या पेपरचं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ते परीक्षेचं टेन्शन कमी आणि निकोटिन उतरल्याची तलफ जास्त. धूर आत गेल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. विचार करून "नको" म्हणायला शिकवणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. त्या कोवळ्या मेंदूला निकोटिनची चटक फार लवकर लागते, रोज न ओढताही लागते. सिगारेटनं टेन्शन जातं असं वाटतं, पण ते टेन्शन मागच्या सिगारेटीनंच दिलेलं असतं. तीन वर्षं मी ज्याला औषध समजत होतो तेच दुखणं होतं. हे ऐकून मला राग आला. स्वतःचा आला, त्या टपरीचा आला, आणि हे इतकं साधं कुणी वेळेवर सांगितलं नाही याचा सगळ्यात जास्त आला.

गूळ खाल्ल्यानं छाती साफ होते का, हेही विचारलं. आमच्या भागात गुऱ्हाळं, त्यामुळे सगळी ओढणारी पोरं गुळाचा खडा तोंडात टाकून निर्धास्त असतात. डॉक्टर नाही म्हणाले. गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही. पळाल्यानं धूर निघून जातो हीसुद्धा तसलीच समजूत. श्वासनळीत केसांसारखे बारीक तंतू असतात, ते घाण वर ढकलत असतात. धूर त्यांनाच लुळं करतो. ओढणं थांबलं की ते पुन्हा हलायला लागतात, दुसरा झाडू नाही.

निकोटिनचं च्युइंगम त्यांनी मला दिलं नाही. माझं वय आणि सात-आठचा आकडा बघून आधी समुपदेशनावर करून बघू म्हणाले, आणि पाकिटावर छापलेला, तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर दाखवला. 1800-11-2356. तीन वर्षं हातांत होता म्हणायला हवं, पण सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट कुठं येतं!

फोन मी उसाच्या फडात बसून केला, घरात कुणी ऐकू नये म्हणून. पैसे लागत नाहीत. मराठीत बोलणाऱ्या मॅडम मिळाल्या. त्यांनी वय ऐकून आवाज बदलला नाही, "अरे बापरे" केलं नाही. किती, कधी, कुणाबरोबर, हे विचारलं. "सकाळी उठल्यापासून किती वेळानं पहिली ओढता?" मी म्हटलं, वीस मिनिटांत. त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "अर्ध्या तासाच्या आत म्हणजे शरीर मागतंय. पहिले तीन दिवस जड जातील, ते आधीच धरून चला." तारीख मला ठरवायला लावली. मी पुढचा सोमवार सांगितला. रविवारी रात्री लायटर विहिरीत टाकला, शर्ट सगळे धुवायला काढले. आईनं शर्ट हुंगून बघितला, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता सोड्याच्या पाण्यात बुडवला. तिला किती दिवसांपासून माहीत होतं हे मी आजही विचारलेलं नाही.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी धाकट्या बहिणीवर ताट आपटलं. कारण काहीच नव्हतं, तिनं आमटी पुढं केली एवढंच. ती रडत परसात गेली. तिसऱ्या रात्री झोप अशी लागलीच नाही, डोक्यात वळवळ, तोंडाला कोरड. मॅडमनी सांगितलेलं लक्षात होतं, की तलफेची लाट चार-पाच मिनिटांची असते, ती कितीही मोठी वाटली तरी उतरते. तेवढा वेळ ढकलायचा. घोट घोट पाणी प्यायचं, सावकाश खोल श्वास घ्यायचे, जागा बदलायची. मी घड्याळ लावून बसलो. सोळाशेचं घड्याळ आणि हे घड्याळ एकच. पहिली लाट साडेचार मिनिटांनी उतरली. मग मी त्या रात्री प्रत्येक लाटेचं टायमिंग वहीत लिहिलं. पहाटेपर्यंत अकरा लाटा आल्या. शेवटची दोन मिनिटांत गेली.

चौथ्या दिवसापासून उलटंच सुरू झालं, खोकला वाढला. सकाळी काळपट बेडके. घाबरून फोन केला, तर मॅडम म्हणाल्या की तंतू जागे होतायत, होऊ द्या. दहा-बारा दिवस चाललं ते. भूक सपाटून लागायची. आमटीला इतका लसणाचा वास असतो हे मी विसरूनच गेलो होतो.

एकोणिसाव्या दिवशी मी पडलो. मावसभावाची हळद होती, डीजे वाजत होता, जुने दोघं मित्र मांडवामागं उभे. त्यांनी आग्रहही केला नाही, नुसती पुढं केली. मी पूर्ण ओढली. पुदिन्याचीच. टक झालं तेव्हा हात थांबला असता तर बरं झालं असतं, पण नाही थांबला. घरी येताना वाटलं, संपलं, आता काय राहिलं. दुसऱ्या दिवशी दिवसभर फोन हातात घेऊन ठेवत होतो. संध्याकाळी हेल्पलाइनच्या मॅडमचाच आला, ठरलेल्या वेळेचा. खोटं बोलायचं ठरवलं होतं, तोंडातून खरं गेलं. त्या म्हणाल्या, "एक ओढली म्हणजे परत लागली असं नाही. कुठं उभे होता, कुणाबरोबर, हातात काय होतं, ते लिहून काढा. पुढच्या हळदीत तिथं उभं राहायचं नाही, वाढपाला लागायचं." इतकी साधी गोष्ट. पुढच्या लग्नात मी जिलबीची परात धरली आणि दोन्ही हात गुंतलेले राहिले. त्यानंतर ओढलेली नाही.

त्या दोघा मित्रांपैकी एक आता पुण्याला शिकायला आहे, तो बाष्पाची पेनसारखी सिगारेट ओढतो आणि यात धूर नाही म्हणून सांगतो. 2019 पासून ती विकायला देशभर बंदी आहे, तरी त्याला मिळते. निकोटिन तेच आहे रे, असं त्याला दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदाही सांगणार आहे.

आप्पांना मी सांगितलं ते महिन्याभरानं. गोठ्यात धार काढत होते. ऐकून घेतलं, कासेवरचा हात थांबला नाही. मग म्हणाले, "आज्याची बिडी तूच पेटवायचास न्हवं." एवढंच. तंबाखू त्यांची सुटलेली नाही. पण बहिणीला किंवा चुलतभावाच्या पोराला ते आता दुकानात पुडी आणायला पाठवत नाहीत, स्वतः जातात. आत्यालाही त्यांनीच सांगितलं, पोरांसमोर तवा ठेवू नकोस.

सरांनी घड्याळ पुन्हा लावलं ते पाचव्या आठवड्यात. पाच सत्तावन्न. मार्चमध्ये पाच एकेचाळीस. यात सराव किती आणि सिगारेट सुटण्याचा वाटा किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही, सरांनी इंटरव्हल ट्रेनिंगही, म्हणजे थोडं जोरात पळून मध्ये दम घेत पुन्हा पळणं, वाढवलं होतं. पण शिट्टी थांबली हे नक्की. तिसऱ्या राऊंडला आता पाय जळतात, पोटऱ्या ओरडतात, आणि छाती मात्र चालत राहते. ज्याचं दुखायला हवं तेच दुखतं.

एप्रिलमध्ये पुन्हा साताऱ्याला गेलो. कार्बन मोनॉक्साईडचा आकडा 2. ठोके 68. नळीत फुंकलं, तीनदा, त्याच ताईंच्या त्याच आरडाओरड्यात. 87 टक्के. मी डॉक्टरांना विचारलं, बाकीचे तेरा भरून निघतील का. त्यांनी मला खोटा दिलासा दिला नाही. म्हणाले, "सांगता येत नाही. सूज उतरली तेवढं लगेच परत आलं. जी वाढ त्या तीन वर्षांत व्हायची राहिली, तिचं काय होतं ते बघावं लागेल. पण तू एकोणिसाचा आहेस. तुझी अजून दोन-तीन वर्षं वाढीची आहेत. तेवढी बिनधुराची जाऊ दे."

भरतीचा फॉर्म मी भरणार आहे. काल पाच चौतीस आलं.